पाच डॉलर दंड

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, हे मी वर्गात कितीतरी वर्षे सांगत आलो. पण ती गुलामी कायद्यात कशी मुरलेली होती, हे मात्र निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले. निमित्त झाले थॉमस रफिन या न्यायाधीशाचे.

रफिनचा जन्म १७८७ चा, व्हर्जिनियातला. पुढे नॉर्थ कॅरोलायनात वकिली केली. १८२९ मध्ये तो त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात आला आणि १८३३ ते १८५२ मुख्य न्यायाधीश होता. माणूस मोठा विद्वान. रॉस्को पाउंडसारख्या कायदेपंडिताने त्याला अमेरिकेच्या दहा श्रेष्ठ न्यायाधीशांत बसवले.

त्याचे नाव मात्र राहिले लिडिया नावाच्या एका गुलाम बाईमुळे. जॉन मॅनने तिला तिच्या मालकिणीकडून वर्षभरासाठी भाड्याने घेतले होते. (भाड्याने! बैल घ्यावा तसे.) काही क्षुल्लक चूक झाली, तो मारू लागला, ती पळाली. 'थांब' म्हटले तरी थांबली नाही, म्हणून त्याने गोळी झाडली. ती जखमी झाली. स्थानिक ज्युरीने मॅनला दोषी ठरवले. दंड झाला पाच डॉलर!

अपील रफिनपुढे आले. त्याने तोही रद्द केला. भाड्याने घेणारा मालकाच्याच जागी असतो, आणि मालकाची सत्ता निरंकुश नसेल तर गुलाम पूर्णपणे शरण राहणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. माणूस म्हणून मला हे कठोर वाटते, पण न्यायाधीशाचे कर्तव्य टाळता येत नाही, अशी कबुलीही त्याने निकालात दिली. 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो यांनी पुढे हाच निकाल गुलामगिरीविरुद्धचा पुरावा म्हणून मांडला.

आता दुसरी बाजू. रफिन स्वतः गुलामांचा मालक होता, त्यांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात त्याची भागीदारी होती. मग त्या कर्तव्यात कायदा किती आणि तिजोरी किती? २०२० मध्ये न्यायालयातली त्याची भव्य तसबीर उतरवण्यात आली.

मला राहून राहून त्या ज्युरीचे नवल वाटते. तीही गोऱ्यांचीच. पण बाईवर गोळी झाडणे हा गुन्हा आहे, हे त्यांना कळले. विद्वानाला त्यावर पांघरूण घालणारा कायदा सापडला.

मंडळी, 'काय करू, नियम म्हणजे नियम' असे म्हणून वर्गात मीही कधीकधी हात झटकले आहेत. रफिन वाचल्यापासून ती मुले आठवतात.