उंबरठ्याआतला सुरबहार

गवयांच्या घरची विद्या वतनी जमिनीसारखी असते. ती कोणाच्या नावावर चढवायची याचा दस्तूर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला, आणि त्या दप्तरात लेकींची नावे सहसा लागत नसत. एकोणिसाव्या शतकात घडलेल्या सुरबहाराविषयी अशी आख्यायिका आहे की, बीन तर घराण्याबाहेर द्यायची नाही आणि बाहेरच्या शागिर्दाला रित्या हाताने परतही लावायचे नाही, या पेचातून हे सितारीहून थोराड, खर्जात घुमणारे वाद्य निघाले. कुंपणापायी जन्मलेले हे वाद्य मैहरच्या दरबारी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्या धाकट्या कन्येच्या, अन्नपूर्णादेवींच्या (जन्म १९२७), हाती यावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

खाँसाहेब स्वतः रामपूरच्या वजीर खाँ बीनकारांच्या दारी तिष्ठून शिकलेले. तरी या मुलीला तालीम द्यायला ते प्रथम राजी नव्हते. कारण थोरलीला, जहानआराला, शिकवून सासरी धाडले, तर तिथे तिचा तंबोरा जाळण्यात आला होता. पुढे एके दिवशी, वडील बाजाराला गेले आहेत अशा समजुतीने, अंगणात खेळता खेळता या पोरीने भाऊ अली अकबर याची चुकलेली जागा गाऊन दुरुस्त केली आणि वळून पाहते तो मागे खुद्द बाबा उभे! ती भीतीने थिजली. बाबांनी तिच्या हाती तंबोरा दिला.

१९४१ साली अल्मोड्याला सितारवादक रविशंकरांशी अन्नपूर्णादेवींचा विवाह झाला. पुढे पन्नाशीच्या दशकात दिल्ली-कलकत्त्याकडे पतिपत्नींच्या जुगलबंद्या रंगू लागल्या. परंतु श्रोत्यांची दाद सुरबहाराकडे अधिक झुके, आणि त्याचे पडसाद घरात उमटत. तेव्हा संसार टिकावा म्हणून अन्नपूर्णादेवींनी जाहीर मैफल कायमची वर्ज्य केली. संसार तरीही टिकला नाही. अशा गोष्टीला त्यागाचे हळदकुंकू वाहण्याची आपल्याकडे भारी हौस. मला मात्र यात जळालेल्या तंबोऱ्याचीच धग जाणवते, एवढेच की या खेपेस काडी लावणारा कोणी परका नव्हता.

विद्येचा त्याग मात्र त्यांनी कधी केला नाही. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या सदनिकेत, बंद दाराआड, त्यांचा रियाज आणि शिकवणे अखंड चालू राहिले. सितारवादक निखिल बॅनर्जी त्यांच्याकडे शिकले. हरिप्रसाद चौरसियांनी तर, नव्याने आरंभ करण्याची आपली तयारी पटावी म्हणून, उजवीकडची बासरी डावीकडे धरली. एका लेकीच्या नावे बापाने जे लिहून दिले, त्याचा सातबारा असा परक्यांच्या मुलांपर्यंत पोहोचला.

१९७७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या मांझ खमाज आणि कौशिकी या रागांची ध्वनिमुद्रणे ऐकायला मिळतात. ती मोजकीच आहेत, आणि त्यांत खरखर फार आहे.