शेणाच्या वायूची जन्मकथा

शेणामैल्यापासून निघणाऱ्या जळाऊ वायूचा इतिहास कोठून सुरू होतो? पुष्कळ पुस्तके सांगतात : मुंबई, सन १८५९, कुष्ठरोग्यांची वसाहत. मुंबई खरी, वसाहतही खरी. साल मात्र चुकीचे. माटुंग्याचा हा आश्रम उघडला १८९० साली. आश्रमच नव्हता, तर वायू कोठून येणार? शिक्षकबंधूंनी वर्गात १८९७ हे साल सांगावे. तेव्हा तेथे मैल्याच्या बंद टाकीतला वायू धरून कामी लावला गेला. समाजाने वेशीबाहेर काढलेल्या माणसांच्या वस्तीत ही विद्या आपल्याकडे रुजली, ही गोष्ट मला सालापेक्षा मोठी वाटते.

शेणावरचे शास्त्रीय प्रयोग १९३९ मध्ये दिल्लीच्या शेतकी संशोधन संस्थेत डॉ. एस. व्ही. देसाई यांनी केले. मग १९५१ साली जशभाई पटेलांचे ‘ग्रामलक्ष्मी’ यंत्र आले : जमिनीत विहिरीसारखा खड्डा आणि त्यावर उपडी तरंगणारी लोखंडी टाकी. वायू साठला की टाकी वर उचलते, चूल पेटली की हळूहळू खाली बसते. शिल्लक किती, ते नुसत्या डोळ्यांनी कळते! खादी ग्रामोद्योग आयोगाने साठीच्या दशकात हाच नमुना गावोगाव नेला.

गोवरी जाळली की शेतातले खत चुलीत गेले. यंत्रात मात्र वायू निघून गेल्यावरही मळी उरते, ती शेताला चालते. मग हे यंत्र घरोघर का झाले नाही? शेणाइतकेच पाणी त्यात कालवावे लागते. उन्हाळ्यात आपल्या मराठवाड्यात ते आणायचे कोठून? शिवाय किलोभर शेणाला वायू मिळतो सुमारे ४० लिटर. म्हणजे दोन घनमीटरच्या यंत्राला रोज ५० किलो शेण, चार-पाच जनावरे हवीत. इस्लापूर-किनवटच्या सागवानी टापूत ज्याच्या दावणीला एकच बैल, त्याच्या घरच्या बाईची मोळी काही या यंत्राने सुटत नाही. ज्याचा गोठा भरलेला, त्याचीच चूल आधी सुधारली, हे स्पष्ट बोललेच पाहिजे. त्यात लोखंड गंजते. म्हणून १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचे ‘दीनबंधू’ यंत्र निघाले. गंज गेला, जनावरांची अट राहिली.

ती अट सोडवली पुण्यात. डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने खरकटे, सडके धान्य, पिठूळ कंद यांवर चालणारे लहान यंत्र केले. त्याला २००६ साली अ‍ॅशडेन पारितोषिक मिळाले. त्याला रोज शेण लागत नाही. सुरुवातीला विरजणापुरते तेवढे घालावे लागते.