मुंबईचें यजमानपण : १९६४ ची युखारिस्तिक काँग्रेस आणि आपण वसईकर



महोत्सवाचें वर्ष उजाडलें कीं प्रत्येक धर्मग्रामांत एक प्रश्न सर्वांआधीं निघतो : मंडप केवढा घालावा? आमच्या समितींतहि तो निघाला आणि दोन बैठका त्याच वादांत सरल्या. खरें सांगावयाचें तर आम्ही स्वतः मोठ्या मंडपाच्या पक्षाचे होतों. परंतु बैठकीहून परत आल्यावर मनांत विचार आला कीं, ज्या मुंबई धर्मप्रांताच्या मांडीवर आपली वसई वाढली, त्या मुंबईनें साठांहून अधिक वर्षांपूर्वीं सबंध कॅथलिक जगाला आपल्या घरीं बोलाविलें होतें. तें कार्य तिनें कसें पार पाडलें, आणि मंडप उठल्यावर मागें काय उरलें, हें पाहिल्यावांचून आपण आपल्या मंडपाची लांबीरुंदी ठरवूं नये. म्हणून हा लेख. आमचा जन्म त्या घटनेनंतरचा. तेव्हां येथें जें सांगतों तें वाचलेलें व वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलें आहे.

पवित्र साक्रामेंताच्या सन्मानार्थ भरणाऱ्या या जागतिक मेळाव्याचा उगम फ्रान्स देशांतील. एमिली तामिझिए नांवाच्या एका भाविक स्त्रीनें ही कल्पना मनाशीं धरून अनेक वर्षें खटपट केली, आणि १८८१ सालीं लील शहरीं पहिली आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेस भरली. पुढें ती देशोदेशीं फिरूं लागली. आशिया खंडांत ती १८९३ सालीं यरुशलेम येथें व १९३७ सालीं मनिला येथें झाली. १९६० सालची ३७ वी काँग्रेस जर्मनींतील म्युनिक शहरानें भरविली. आणि ३८ वीचा मान मुंबईला मिळाला. १९६४ च्या २८ नोव्हेंबरपासून ६ डिसेंबरपर्यंत ती चालली. भारतांत असा सोहळा त्यापूर्वीं झाला नव्हता, आणि त्यानंतर आजवर पुन्हां झालेला नाहीं.

हा मान मुंबईकडे यावा यास एक इतिहास आहे आणि तो वसईकरांनीं विशेष ध्यानीं ठेवावा असा आहे. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली; तरी येथील देवळांवरील धर्मसत्तेचा प्रश्न राज्याबरोबर सुटला नाहीं. पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो अधिकार व रोमचा प्रोपागांदा यांच्या ओढाताणींत आपल्या पूर्वजांच्या कित्येक पिढ्या गेल्या. १९२८ सालच्या कराराप्रमाणें तर मुंबईच्या आर्चबिशपांच्या गादीवर एकदां पोर्तुगीज व एकदां ब्रिटिश अशी पाळी ठरली होती. या मातींतील माणसाची पाळी त्यांत कोठेंच नव्हती! ही रीत १९५० सालीं संपली आणि त्याच वर्षीं वालेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. ते मूळच्या गोमंतकीय घराण्यांतील. जन्म कराचीचा, १९०० सालचा. १९५३ सालीं ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. म्हणजे ज्या गादीवर हिंदी मनुष्य बसत नव्हता, त्या गादीवरून अवघ्या चौदा वर्षांत एका हिंदी कार्डिनलानें जगाच्या कॅथलिकांचें व प्रत्यक्ष पोपमहाशयांचें स्वागत केलें. यजमान होण्यासाठीं आधीं घर आपलें असावें लागतें. तें घर तेव्हां नुकतेंच आपलें झालें होतें.

परंतु कार्डिनलमहाशय कितीहि कर्तबगार असले तरी एवढें कार्य एकट्या ख्रिस्ती समाजाच्या हातून होणारें नव्हतें. या शहरांत आपण मूठभर. आणि ती मूठहि एका भाषेची नव्हे. कोंकणी बोलणारे गोंयकार, मराठी बोलणारे ईस्ट इंडियन, मंगळूरकर, तामीळ, मल्याळी, असे नाना परींचे लोक तींत होते. तें वर्षहि सुखाचें नव्हतें. मे महिन्यांत पंडित नेहरू निवर्तले होते; देशांत धान्याची टंचाई होती. धर्मांतराच्या शंकेनें कांहीं संघटनांनीं विरोधाचा सूर लावला होता. उलट पोर्तुगालच्या सरकारनें, गोवा भारतांत आल्याचा राग मनांत धरून, पोपमहाशयांनीं मुंबईस जावें याबद्दल उघड नाराजी दर्शविली. एका बाजूस 'हे परके' अशी शंका, दुसऱ्या बाजूस 'तेथें जाऊं नका' असा रोष. त्या दोहोंमधून मुंबईला वाट काढावयाची होती.

ती वाट तिनें आपल्या स्वभावाप्रमाणें काढली, म्हणजे दार उघडें ठेवून. भारत सरकारनें २ डिसेंबर रोजीं, पोपमहाशयांच्या आगमनादिवशीं, संत थोमा यांचें चित्र असलेलें टपालाचें तिकीट काढलें. त्या लहानशा कागदाचा अर्थ मोठा होता : ख्रिस्ती श्रद्धा या देशांत काल आलेली पाहुणी नाहीं, असें सरकारी ठशासह सांगितलें गेलें. समारंभाकरितां जागा मिळाली ती ओव्हल मैदानाची. एका अंगास हायकोर्ट, विद्यापीठ व राजाबाई टॉवर. दुसऱ्या अंगास नव्या धाटणीच्या इमारतींची रांग. आणि हाकेच्या अंतरावर चर्चगेट स्टेशन. शहराच्या अगदीं मध्यावरची, उघड्या आभाळाखालची ती जागा. तेथें भिंत नव्हती; म्हणून आंतले कोण व बाहेरचे कोण हें ठरविण्याची सोयच नव्हती.

चर्चगेट जवळ असल्याचा लाभ आपल्या वसईकरांस पुष्कळ झाला. विरार ते चर्चगेट हें सुमारें ६० किलोमीटरांचें अंतर. वीजेच्या गाड्या १९३६ पासून विरारपर्यंत येत होत्या. ज्या गाड्यांतून वसईची भाजी, फुलें, केळीं व पानें मुंबईस जात, त्याच गाड्यांतून यात्रेकरूहि गेले. आमची आजी त्यांत होती. लाल लुगडें नेसून, फडक्यांत तांदळाच्या भाकरी बांधून, अंधार असतांनाच ती शेजारणींबरोबर निघाली. मिस्साबलिदानापूर्वींच्या उपवासाचा नियम तेव्हां नुकताच सैल झाला होता : पोपमहाशयांनीं २१ नोव्हेंबरला, म्हणजे काँग्रेसच्या अवघ्या एक आठवडा आधीं, तीन तासांचा उपवास एक तासावर आणला होता. पण जुन्या माणसांना ही सवलत मानवली नाहीं. भाकरी सोडली ती परतीच्या गाडींतच.

आजीला आम्ही लहानपणीं विचारीत असूं, "पोपसाहेबांना नीट पाहिलेंस का?" ती सांगे कीं, दूरवर एक पांढरा ठिपका दिसला, तेवढाच. परंतु उन्हांत उभी असतां रस्त्याकडेच्या एका अनोळखी बाईनें पाण्याचा तांब्या तिच्यापुढें केला. कुंकू लावलेली ती बाई कोण, कोठली, हें आजीला कळलें नाहीं. पोपमहाशयांच्या गोष्टीपेक्षां ती तांब्याचीच गोष्ट अधिक वेळां सांगे; आणि आम्हांस त्याचें नवल वाटे. आतां वाटत नाहीं.

काँग्रेसचा आरंभ पोपमहाशयांचे प्रतिनिधि कार्डिनल आगाजानियन यांच्या उपस्थितींत झाला. २ डिसेंबरला सहावे पॉल हे स्वतः सांताक्रूझच्या विमानतळावर उतरले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. तेथून शहरापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा लाखों माणसें उभीं होतीं आणि त्यांतील बहुतेक ख्रिस्ती नव्हतीं. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाचा दिवस. त्या दिवशीं ओव्हलवर सहा नव्या महागुरूंचा अभिषेक पोपमहाशयांच्या हस्तें झाला; राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन यांची भेट झाली. आणि इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलतांना त्यांनीं बृहदारण्यक उपनिषदांतील प्रार्थनेचा आदरानें उच्चार केला. रोमचा धर्माधिपति आपल्या यजमानांच्या प्रार्थनेंत आपला शब्द शोधतो, हें दृश्य त्या काळीं किती नवें होतें याची कल्पना आज येणार नाहीं. पाहुण्यानें यजमानाच्या घरचें अन्न मुखीं घालावें, तसेंच तें होतें. शहरांतील अनाथ बालकें व रुग्ण यांनाहि त्यांनीं भेट दिली, आणि ५ डिसेंबरला ते परत गेले.

४ डिसेंबरचा दिवस विशेष विचार करण्याजोगा आहे. त्या दिवशीं पत्रकारांच्या द्वारें पोपमहाशयांनीं जगाला आवाहन केलें कीं, राष्ट्रांनीं शस्त्रास्त्रांची स्पर्धा थांबवावी आणि त्यांवरील खर्चाचा कांहीं भाग दरिद्री देशांच्या साहाय्यार्थ काढून ठेवावा. १९६७ सालीं 'पोपुलोरूम प्रोग्रेसियो' या आपल्या विश्वपत्रांत त्यांनीं मुंबईंतील या आवाहनाची आठवण दिली. आणि भारतांतील दारिद्र्याचे प्रश्न आपण स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिले, असेंहि नमूद केलें. भाकरीच्या रूपांत येणाऱ्या प्रभूच्या पूजेस आलेल्या पोपांना येथें भाकर नसलेलीं माणसें दिसलीं. त्या दर्शनाला त्या पत्रांत वाचा फुटली. मुंबईनें पाहुण्यापासून आपलें दारिद्र्य झांकून ठेवलें असतें तर हें घडलें नसतें.

मोटारीची गोष्ट बहुतेकांस ठाऊक आहे. तरी महोत्सवाच्या वर्षीं ती पुन्हां सांगितली पाहिजे. अमेरिकेंतील भाविकांनीं या यात्रेसाठीं पोपमहाशयांना एक पांढरी लिंकन मोटार दिली होती. जातांना ती त्यांनीं मदर तेरेसा यांस देऊन टाकली. मदर त्या मोटारींत बसून कोठें गेल्या नाहींत; त्यांनीं तिची सोडत काढली व आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठीं लावला. देणारे व घेणारी, दोघेंहि आज संतपदीं आहेत : मदर तेरेसा २०१६ पासून व सहावे पॉल २०१८ पासून. समारंभांतील सर्वांत डौलदार वस्तूचें काय करावें, हें त्या दोघांनीं आपणांस कायमचें शिकवून ठेवलें आहे.

आतां मूळ प्रश्न : मंडप उठल्यावर काय उरलें? प्रभूनें पांच भाकरींवर हजारोंना जेवूं घातलें, तेव्हां शिष्यांनीं उरलेले तुकडे गोळा केले व बारा टोपल्या भरल्या. मुंबईच्याहि कांहीं टोपल्या भरल्या. होली नेम कॅथीड्रलांत पोपमहाशयांनीं दिलेली घंटा आहे. १९६५ च्या २८ ऑक्टोबरला व्हॅटिकन महासभेनें इतर धर्मांशीं स्नेहाचा जाहीरनामा काढला. मुंबईंत जें आधीं आचरणांत आलें तें तेथें अक्षरांत उतरलें. त्याच १९६४ सालीं पोपमहाशयांनीं इतर धर्मीयांशीं संवादासाठीं रोम येथें एक खातें उघडलें होतें. पुढें त्या खात्यांत वसईचे सुपुत्र फेलिक्स मच्याडो यांनीं उपसचिव म्हणून काम केलें आणि २००९ सालीं ते आपल्या वसईचे महागुरु झाले. ओव्हलवर लॅटिनचेंच वर्चस्व होतें. पुढील कांहीं वर्षांत वसईच्या वेदींवरून मराठी ऐकूं येऊं लागली. १९९८ सालीं मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आपलेंहि घर आपलें झालें.

आणि येथेंच आमचें म्हणणें येतें. १९६४ सालीं आपण पाहुणे होतों. गाडींत बसून शहराकडे गेलों व शहरानें आपणांस पाणी दिलें. आज तेंच शहर त्याच रुळांवरून आपल्या दारीं आलें आहे. शेतें व वाड्या होत्या तेथें उंच इमारती आल्या. २००९ पासून वसई-विरार ही महानगरपालिका आहे. आपल्या शेजारीं अनेक प्रांतांचे, अनेक भाषांचे व धर्मांचे लोक राहतात. 'हे बाहेरचे' असें आपण त्यांस सहज म्हणतों. जमिनी गेल्या, विहिरींचें पाणी बिघडलें, बोलीचा ऱ्हास होतो, हीं दुःखें खरीं आहेत. आम्ही तीं कमी लेखीत नाहीं. पण ज्या बाईनें आमच्या आजीला तांब्या दिला, तिच्या मुंबईंतहि त्या वर्षीं धान्य पुरेसें नव्हतें. विपुलता असली म्हणजे यजमानपण येतें, हा समज खोटा आहे.

यजमान या शब्दाचा मूळ अर्थ यज्ञ करणारा. जो अर्पण करतो तो यजमान. प्रत्येक मिस्साबलिदानांत प्रभु हाच यजमान असतो व स्वतःलाच वाढतो. त्याच्या पंक्तीला बसून उठलेल्यानें बाहेर दार लावून घेणें शोभत नाहीं.

म्हणून आम्हीं समितीपुढें आपलें पूर्वींचें मत मागें घेतलें आहे. मंडप घालावा, पण बेताचा; आणि त्याच्या कनाती शेजाऱ्यांच्या बाजूस उघड्या असाव्यात. जो खर्च वांचेल त्यांतून आपल्या हद्दींतील दीनदुबळ्यांसाठीं, त्यांची जात, भाषा वा पंथ न विचारतां, एखादें टिकाऊ काम व्हावें. कोणतें, तें धर्मग्रामसभेनें ठरवावें. पन्नास वर्षांनीं पुढच्या महोत्सवाच्या स्मरणिकेंत कोणी आपल्या मंडपाचें माप लिहिणार नाहीं. परंतु एखाद्या परप्रांतीय घरांतील नात आपल्या आजीची गोष्ट सांगत असेल, व तींत आपल्या धर्मग्रामांतील एखाद्या अनोळखी बाईचा पाण्याचा तांब्या असेल, तर आपला महोत्सव प्रभूला पावला असें समजावें.

प्रभु आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.

आपला,
प्रमुख धर्मगुरु