सुताराची चकती आणि सामुराईची चांदणी

जत्रेत किंवा शहरातल्या दुकानात पोलादी पत्र्याची चार-सहा टोकांची चांदणी आपण पाहिली असेल. हौशी माणसे घरच्या कारखान्यात अशा चांदण्या करतात. पत्रा करवतीने कापायचा, कानशीने टोके काढायची, धार मुद्दाम बोथट ठेवायची, चकाकी आणायची आणि भिंतीवर टांगायची. ही वस्तू मूळची जपानची. तिचे नाव शुरिकेन. शब्दशः अर्थ घ्यायचा तर हातात लपवलेले पाते.

शुरिकेन म्हटले की पोरांच्या डोळ्यांपुढे काळ्या कपड्यांतला, तोंड झाकलेला निंजा उभा राहतो. ही प्रतिमा पसरवली ती विसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी. खरी हकीकत साधी आहे, आणि मला विचाराल तर अधिक मोलाचीही आहे.

शुरिकेनचे दोन प्रकार. एक सळईसारखा, त्याला बो-शुरिकेन म्हणत. दुसरा चपटा, तो हिरा-शुरिकेन. सळईच्या प्रकारांची नावेच पाहा ना: कुणी खिळ्याच्या घाटाचे, कुणी सुईच्या घाटाचे, कुणी कट्यारीच्या घाटाचे. म्हणजे घरात, सुताराच्या पेटीत जे असे, त्यावरूनच हे घाट आले. चपट्या प्रकारातली सेनबान नावाची चौकोनी चकती तर खिळे उपसण्याच्या साधनातल्या पट्टीवरून आली, असे मानतात. तिच्या मधोमध भोक असते ते याच कारणाने. शोभेच्या चांदणीला आज आपण जे भोक पाडतो, ते त्या जुन्या अवजाराची खूण आहे, बरं का!

आता शिक्षक मंडळींना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. सळई फेकून तिचे टोकच नेमके लागावे, याला वर्षानुवर्षांचा सराव लागे, कारण सळईला टोक एकच. चकतीचे तसे नाही. ती फिरत जाते आणि तिला टोके अनेक, म्हणून एखादे तरी लागतेच. पण ते खोल जात नाही. शत्रूला ठार करण्याचे हे हत्यारच नव्हते. त्याचे लक्ष उडवावे, हात किंवा चेहरा जायबंदी करावा आणि तेवढ्यात तलवार काढावी किंवा पळ काढावा, एवढेच त्याचे काम. ही विद्या सामुराईंच्या शस्त्रशाळांत शिकवीत. शिराई आणि नेगिशी या नावांच्या परंपरा एकोणिसाव्या शतकात नावाजलेल्या होत्या.

या चकतीमागे उभा आहे तो लोहार. जपानात उत्तम पोलाद तातारा नावाच्या मातीच्या भट्टीत होई. शिमाने भागातल्या नद्यांकाठची लोखंडी वाळू आणि लाकडी कोळसा थराथराने घालायचा आणि तीन दिवस, तीन रात्री भाते थांबू द्यायचे नाहीत. सुमारे दहा टन वाळू आणि बारा टन कोळसा खर्ची पडे, तेव्हा अडीच टनांचा गोळा निघे. त्यातलाही निवडक भागच तलवारीच्या कामाचा. त्याला तामाहागाने म्हणतात.

त्या पोलादात कर्ब असतो, शेकडा एकाच्या आसपास. म्हणून तापवून पाण्यात बुडवले की ते कडक होते. आपल्या गावचा लोहार विळ्याला किंवा कोयत्याला पाणी देतो, ते हेच. जपानी कारागीर पाते बुडवण्यापूर्वी त्यावर मातीचा लेप देई, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड. त्यामुळे धार कडक होई आणि पाठ चिवट राही. घरच्या कारखान्यातला साधा पत्रा मात्र कितीही तापवून बुडवा, असा कडक व्हायचा नाही, कारण त्यात कर्ब फार थोडा. शोभेच्या चांदणीला तो पुरतो. विळ्याला पुरत नाही.

मग या कारागिरांचे पुढे काय झाले? 1588 साली हिदेयोशीने फर्मान काढून शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली. 1868 मध्ये शोगुनांची सत्ता गेली आणि 1876 साली नव्या सरकारने सामुराईंना तलवार बांधून फिरण्याची बंदी केली. एका हुकुमाने शेकडो भट्ट्यांचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. कित्येकांनी ऐरण सोडली. पण काहींनी डोके लढवले. सेकी गावच्या लोहारांनी चाकू-कात्र्या घडवायला घेतल्या. साकाई शहरात तंबाखू चिरण्याच्या सुऱ्या पूर्वीपासूनच होत, तिथे स्वयंपाकाच्या सुऱ्यांचा धंदा वाढला. आज या दोन्ही गावांची पाती जगभर जातात. मासळी कापणाऱ्या सुरीत तलवारीचीच विद्या आहे.

1945 च्या पराभवानंतर तलवारी घडवण्यावरच बंदी आली. पुढे 1953 पासून कलावस्तू म्हणून परवानगी मिळाली, तीही परवाना असलेल्या कारागिरालाच. थंड पडलेली तातारा भट्टी 1977 मध्ये शिमाने भागात पुन्हा पेटवली गेली, कारण जाणते कारागीर म्हातारे होत चालले होते आणि ही विद्या कागदावर उतरवून भागणारी नव्हती.

आपल्याकडेही असेच घडले. 1878 च्या शस्त्रकायद्याने इंग्रजांनी हत्यारे बाळगण्यावर निर्बंध घातले. तलवारींना झिलई देणारा शिकलगार पुढे कात्र्या-सुऱ्यांना धार लावीत दारोदार फिरू लागला. फेकण्याच्या चक्राचा मान मात्र पंजाबच्या निहंग शिखांनी राखला. त्यांच्या पगडीवर पोलादी चक्रे आजही दिसतात.

चांदणी करणाऱ्या हौशी माणसाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ती भिंतीवरच राहू द्यावी. ब्रिटनने 1988 साली अशा चांदण्या बनवणे आणि विकणे कायद्याने बंद केले, ते उगीच नव्हे. दुसरी, टोक काढण्यापेक्षा पोलाद ओळखणे अवघड आहे. शिक्षकांनी मुलांना एकदा गावच्या भट्टीवर न्यावे. तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून लोहार कधी घाव घालतो आणि कधी पाण्यात बुडवतो, ते दाखवावे आणि तो असे का करतो, ते त्यालाच विचारावे. गावात भाता चालू आहे तोवरच हा धडा मिळेल.