इतिहासांतील चूल आणि जातें

१८१८ च्या एप्रिलमध्यें पांढरकवड्याजवळ इंग्रजी फौजेनें दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा पराभव केला. यवतमाळ जिल्ह्यांतील मुलांना एवढें सांगितलें, कीं त्या काळचा इतिहास शिकविला असें आपण समजतों. पण त्याच दिवशीं पहांटे आसपासच्या खेड्यांत चूल कशी पेटली, पीठ कोणीं दळलें, मीठ कोठून आलें, हें सहसा कोणी सांगत नाहीं. वस्तुतः मुलांच्या मनाला भूतकाळाची वाट येथूनच सांपडते.

त्या वेळीं आगकाडी नव्हती. घर्षणानें पेटणारी काडी इंग्लंडांत विक्रीस आली तीच मुळीं १८२७ सालीं. म्हणून विस्तव राखेखालीं जपावा, विझल्यास शेजारून आणावा, नाहीं तर चकमक झाडावी, असा क्रम असे. मीठ लमाणांच्या बैलांवरून येई आणि वऱ्हाडचा कापूस बैलांच्याच पाठीवरून मिर्झापुरापर्यंत जाई. आगगाडी नागपुरास पोहोंचावयास १८६७ साल उजाडलें.

अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ‘ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज’ हें शे-दोनशें वर्षांपूर्वींच्या खेड्याच्या धर्तीवर उभारलेलें गांव १९४६ सालीं लोकांस खुलें झालें. तेथें मुलें जुन्या काळचीं कामें प्रत्यक्ष पाहतात. आपणांस एवढा खर्च नको. माळ्यावरचें जातें खालीं काढून मुलांना ओंजळभर ज्वारी दळावयास लावावी. खांदे भरून आले, म्हणजे सांगावें कीं, घरांतील बाया हें काम साऱ्या कुटुंबासाठीं, रोज, सूर्योदयापूर्वीं करीत.

मात्र चित्र केवळ गोड रंगवूं नये. सुतार, लोहार, कुंभार यांना शेतकरी सुगीस बलुतें घाली, ही व्यवस्था त्रिंबक नारायण आत्रे यांनीं ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथांत सविस्तर वर्णिली आहे. त्याच बलुत्यावर महार गांवाची राखण करी, मेलेलीं गुरें ओढी. परंतु गांवच्या विहिरीस शिवण्याची त्याला मुभा नव्हती. हें लपविलें तर तो इतिहास न राहतां नुसती कहाणी होते.

एखादी मुलगी विचारील, “तेव्हां मी शाळेंत गेलें असतें का?” तिला खरें उत्तर द्यावें: बहुधा नाहीं; जोतीराव फुल्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली ती १८४८ सालीं, आणि पंतोजीच्या शाळेंत मुलगेच बसत. त्या उत्तरानें ती क्षणभर गप्प होईल. तेवढ्या क्षणांत तिला जो इतिहास कळेल, तो दहा लढायांच्या सनावळ्या घोकूनहि कळावयाचा नाहीं.