मेनकाबाईंचा बॅले : उरलेल्या कागदांवरून

रिचर्ड आयखबर्ग या दिग्दर्शकाचा 'डेर टिगर फॉन एश्नापुर' हा जर्मन चित्रपट १९३८ साली पडद्यावर आला. थेआ फॉन हार्बू यांच्या कादंबरीवर बेतलेला, महाराजा, राजवाडा, वाघ असा सगळा ठरलेला सरंजाम असलेला. त्यात ला याना ही व्हिएन्नाकडची नर्तकी युरोपच्या कल्पनेतला भारतीय नाच नाचते. पण त्याच चित्रपटात काही क्षण एक खराखुरा भारतीय संचही दिसतो. हा मुंबईचा 'मेनका इंडियन बॅले'. ज्या संचाने दोन-अडीच वर्षे युरोप पालथा घातला, त्याचे हलते चित्र पाहायचे तर आज या परक्या, बटबटीत चित्रपटाकडेच जावे लागते. आपल्या नृत्याच्या इतिहासाची साधने कुठे कुठे जाऊन पडली आहेत, याचा हा एक नमुना.

मेनका म्हणजे लीला सोखी, माहेरच्या रॉय. जन्म १८९९चा, बारिसालचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. वडील बॅरिस्टर, शिक्षण काही काळ लंडनमध्ये, हातात व्हायोलिन. लग्न झाले ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या डॉ. साहिबसिंग सोखी यांच्याशी. हे सोखी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि १९३२मध्ये तिचे संचालक झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. प्लेगच्या लशीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाची बायको चारचौघांसमोर नाचते, हे त्या काळच्या मुंबईला कसे वाटले असेल, याचा अंदाज करायला फार कागद लागत नाहीत. 'नाच' या शब्दाला तेव्हा कोठ्याचा वास होता. १९३४ साली मुंबई सरकारने देवदासी संरक्षण कायदा केला. नाचून पोट भरणाऱ्या बायकांवर चहूकडून दबाव वाढत होता आणि नेमक्या त्याच वर्षांत सुशिक्षित घरांतल्या बायका रंगमंचावर येऊ लागल्या होत्या. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचल्या, तर मेनकाबाईंचे चरित्र फार सोपे होऊन जाते.

पंडित सीताराम प्रसाद यांच्याकडे त्या कथक शिकल्या, पुढे लखनऊच्या बिंदादीन घराण्याचे अच्छन महाराज आणि लच्छू महाराज यांच्याकडे. कथकलीसाठी करुणाकर मेनन, मणिपुरीसाठी नवकुमार सिंह. रशियन बॅलेरिना आना पाव्हलोवा मुंबईला आली तेव्हा तिने त्यांना उत्तेजन दिले, असे चरित्रकार सांगतात. ते खरे मानायला हरकत नाही, कारण पाव्हलोवाने उदय शंकरांच्या बाबतीतही हेच केले होते. मात्र सगळे श्रेय तिच्या पदरात टाकण्याची जी सवय आपल्याला आहे, ती सोडलेली बरी. पायांत ताल भरला तो मुंबई-लखनऊच्या गुरूंनी.

१९३०च्या सुमारास मेनकाबाई युरोपात नाचून आल्या होत्या, पण तेव्हा ते एकटीचे किंवा जोडीचे काम होते. त्यांचे खरे वळण त्यानंतरचे आहे. 'कृष्णलीला', 'देवविजय नृत्य' आणि 'मेनका लास्यम्' या तीन रचना त्यांनी संचासाठी बांधल्या. येथे त्या नर्तकीच्या रचनाकार झाल्या, आणि वेश व देखावा यांचाही विचार करू लागल्या.

या कामाची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. कथक हा मुळात एकट्याचा नाच. त्रितालाच्या सोळा मात्रांचा लेहरा चालू असतो, नाचणारा तबलजीशी सवालजवाब करत ठाट, आमद, तोडे, गत, तत्कार असे रंगवत नेतो, आणि मैफल जमली तर वेळेचे भान कोणालाच राहत नाही. किती वेळ काय करायचे, हे समोरचा रसिक पाहून त्या क्षणी ठरते. बॅलेला यातले काहीच चालत नाही. बाराजण एकाच वेळी रंगमंचावर असतील तर प्रत्येकाची समेवरची जागा आधी ठरलेली हवी, तोडा कोणी उचलायचा आणि कोणी थांबायचे हे ठरलेले हवे, आणि पडदा ठरल्या मिनिटाला पडला पाहिजे. युरोपातल्या प्रेक्षकाला ताल मोजता येत नाही. त्याला गोष्ट दिसली पाहिजे, निदान आकृती तरी. म्हणजे उपज काढून तिथे बांधणी आणायची. मेनकाबाईंनी हा सौदा उघड्या डोळ्यांनी केला. जाणकारांच्या मते यात काही हरवले, आणि तो आक्षेप खोटा नाही. पण आज कथकची जी सामूहिक रचना आपण सर्रास पाहतो, गोष्ट सांगणारी, वेशांच्या रंगांतून चित्र उभे करणारी, तिच्या आरंभीच्या पाठीराख्यांत मेनकाबाई निःसंशय आहेत.

संच १९३६च्या सुरुवातीला युरोपला निघाला. जुलैमध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली, तीत भारताच्या वतीने हाच संच उतरला. भारतीय लेखनात या स्पर्धेतल्या तीन पारितोषिकांचा अभिमानाने उल्लेख होतो. मला त्या आकड्यापेक्षा प्रसंगाची चौकट महत्त्वाची वाटते. अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहम यांनी नाझी राजवटीचे आमंत्रण नाकारले होते. स्पर्धेमागचे प्रमुख नृत्यकार रुडॉल्फ फॉन लाबान यांची स्वतःची भव्य रचना गोबेल्सने महिनाभर आधी रंगीत तालीम पाहून बंद पाडली होती. अशा मंडपात मुंबईचा संच नाचला. हिटलरच्या जर्मनीला 'आर्य' भारताचे आकर्षण होते आणि त्या काळच्या समीक्षकांची लेखणी त्याच दिशेने वळायची. तेव्हा 'युरोपने आपल्या कलेला मानले' एवढेच वाक्य घेऊन आपण घरी आलो, तर कागद अर्धाच वाचला असे होईल.

हे कागद आहेत मात्र विपुल. १९३८पर्यंत चाललेल्या दौऱ्यात साडेसातशेच्या वर प्रयोग झाले. मार्कुस श्लाफ्के, इझाबेला श्वाडरर अशा जर्मन अभ्यासकांनी गावोगावच्या वृत्तपत्रांतल्या जाहिराती, परीक्षणे, छायाचित्रे जमवून या दौऱ्याचा माग काढला आहे. त्यातून एक गोष्ट पुढे येते, जी नुसत्या चरित्रातून येत नाही. हा प्रवास एका बाईचा नव्हता. नाचात रामनारायण मिश्र आणि गौरीशंकर होते. संगीतात लखनऊचे सरोदिये उस्ताद सखावत हुसेन खाँ होते, भातखंड्यांनी उभ्या केलेल्या मॅरिस कॉलेजात शिकवणारे. घराण्यातून आलेले हे कलावंत नसते तर बाईंच्या रचनेला अंगच मिळाले नसते. 'उच्चभ्रू स्त्रियांनी कथकचा उद्धार केला' हे वाक्य आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो. ते आता थोडे आवरते घ्यायला हवे.

संचात एक मराठी मुलगीही होती, दमयंती जोशी. जन्म १९२८, मुंबईचा. सोखी दांपत्याचे मूल गेले होते आणि त्यांना दमयंतीला दत्तक घ्यायचे होते. आईने मुलगी देऊन टाकायला नकार दिला, पण दोन्ही घरांनी मिळून तिला वाढवावे असे ठरले. शाळेत जायच्या वयात ती युरोपच्या रंगमंचावर उभी राहिली. पुढे शंभू महाराजांपर्यंत शिकून ती एकटीने मैफल पेलणारी कथक नर्तकी झाली; संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६८मध्ये, पद्मश्री १९७०मध्ये. म्हणजे जिने रचना बांधण्यात हयात घालवली, तिची शिष्या पुन्हा एकट्याच्या नाचाकडे वळली. मेनकाबाईंवरची इंग्रजी पुस्तिका तिनेच लिहिली. अकादमीने ती १९८९मध्ये प्रसिद्ध केली. ही पुस्तिका आपला मुख्य आधारग्रंथ आहे आणि तिच्यातली माया लपत नाही. घरातल्या माणसाने लिहिलेले चरित्र जसे वाचावे तसे ती वाचावी : तपशिलासाठी विश्वासाने, निवाड्यासाठी जपून.

युरोपातून परतल्यावर मेनकाबाईंनी खंडाळ्याला 'नृत्यालयम्' काढले. बोरघाटाच्या माथ्यावर एकाच छताखाली कथक, कथकली, मणिपुरी शिकवणारी शाळा, हे तेव्हा धाडस होते. मणिपुरीचे गुरू बिपिन सिंह यांना मुंबईकडे आणले ते मेनकाबाईंनीच. पुढे जवेरी भगिनी बिपिन सिंहांच्या हाताखाली तयार झाल्या. शिरीन वजिफदारही याच शाळेतल्या. याच काळात 'मालविकाग्निमित्रम्' हा बॅले आला. निवड हुशारीची होती. कालिदासाच्या या नाटकात कथानकच नृत्यावर फिरते : दोन नृत्याचार्यांचे भांडण, त्यातून राजासमोर शिष्येची परीक्षा, आणि ती शिष्या म्हणजे ओळख लपवून राहिलेली विदर्भाची राजकन्या. नाच कथेत घुसडावा लागत नाही, तो तिथे आधीच आहे.

मग महायुद्ध आले. शाळा तगली नाही. मेनकाबाईंना मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासले आणि ३० मे १९४७ रोजी त्या गेल्या, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

युरोपातले प्रयोग जर्मन वृत्तपत्रांमुळे गावागणिक उभे करता येतात. खंडाळ्याच्या शाळेच्या आणि मुंबईतल्या प्रयोगांच्या बाबतीत मात्र आपला हात आखडतो. १९३० ते १९४७ या काळातली कार्यक्रमपत्रके, तिकिटे, शाळेची माहितीपत्रके, फोटो किंवा पत्रे मुंबई, पुणे, लोणावळा-खंडाळा भागातल्या जुन्या पेट्यांत कोणाकडे असतील, तर ती रद्दीत घालू नयेत. दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र काढून, मागे काही लिहिलेले असेल तर तेही टिपून, मुंबईच्या एनसीपीएच्या ग्रंथालयाकडे किंवा संगीत नाटक अकादमीकडे कळवावे.