मऊ पिसाची माशी आणि बांधणारे हात

आज गोष्ट एका माशीची. घरात घोंघावते ती माशी नाही. गळावर पीस आणि रेशीम गुंडाळून, मासा फसावा म्हणून माणसाने बांधलेली माशी.

आमच्या गटात धाम नदीकाठच्या ढिवर समाजाच्या चार बाया आहेत. त्यातल्या एकीच्या पोराने पुण्याहून असा एक गळ आणला. नखाएवढा. त्यावर नारिंगी धागा आणि पुढे पिसाची विरळ झालर. बैठकीत तो हातोहात फिरला. आमची सगळ्यात वयस्क मावशी म्हणाली, "माय, हे तं कोंबडीचं पीस होय!" मग आम्ही तो सुईच्या टोकाने उलगडला. पैसे मोजून आणलेली वस्तू मोडली म्हणून पोरगा रुसला, पण उलगडल्याशिवाय कळणार कसं?

आत फार काही नव्हतं. मेण लावलेला रेशमी धागा गळाच्या दांडीवर एकाला एक लागून गुंडाळलेला, नेढ्यामागे एक पीस शेंड्याकडून बांधून दोनच वेढे, आणि शेवटची गाठ. इंग्लंडच्या उत्तरेकडे, यॉर्कशरमध्ये, अशा माश्या पिढ्यान्‌पिढ्या बांधत आले आहेत. नारिंगी रेशीम आणि तितराचं पीस ही त्यातली सगळ्यात नावाजलेली जोडी. ही माशी पाण्यावर तरंगत नाही, बुडते. प्रवाहात पिसाचे केस हलतात आणि ट्राउट नावाच्या थंड पाण्यातल्या माशाला वाटतं, किडा धडपडतोय.

आपल्याकडे तितर मारायला कायद्याने बंदी आहे, आणि त्याची गरजही नाही. कोंबडीच्या मानेचं पीस चालतं. कोंबड्याचं मात्र नको. ते ताठ असतं, तरंगत्या माशीला लागतं. कोंबडीचं मऊ असतं, पाणी पितं. आम्ही सायकलवाल्याकडून छोटा वाइस आणला, त्यात गळ धरला आणि बसलो बांधायला. पहिल्या दिवशी सगळ्यांचे झाडू झाले, कारण प्रत्येकीने हात सैल सोडून पाच-सहा वेढे दिले. बादलीत बुडवून पाहिलं तर पीस हलेचना. दोन वेढ्यांवर थांबायला शिकण्यात आमचा आठवडा गेला.

आता इतिहास. गळाने मासे धरण्यावरचा इंग्रजीतला पहिला छापील ग्रंथ १४९६ सालचा. त्यात बारा माश्या दिल्या आहेत. एकीचं अंग मळकट लोकरीचं आणि पंख तितराच्या पिसाचे. हा ग्रंथ डेम जुलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीने लिहिला असं पुढे सांगितलं गेलं. तिचा खात्रीचा पुरावा नाही, पण इतकी शतकं या विद्येच्या तोंडाशी एका बाईचं नाव राहिलं, हेच आम्हाला नवल वाटलं. बाकी नावं बहुतेक पुरुषांची. बांधणाऱ्या बायांची नावं कोण लिहितो?

अमेरिकेत मात्र एकीने लिहून ठेवण्याचं काम केलं. मेरी ऑर्विस मार्बरी. वडिलांचं गळ-काठ्यांचं दुकान होतं, व्हरमाँट राज्यात. १८७६ साली माश्या बांधायचं खातं तिच्या हाती आलं आणि हाताखाली बांधणाऱ्या पोरी होत्या. अडचण काय, तर एकाच माशीला गावोगावी वेगळं नाव. गिऱ्हाईक मागायचं एक, पोचायचं दुसरं. तिने देशभरच्या मासे धरणाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं, उत्तरं जमवली आणि १८९२ मध्ये रंगीत चित्रांसह जाडजूड पुस्तक काढलं. आपण नाही का, लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी लावताना भांडतो? तीच गोष्ट.

पण आमच्या बायांना आवडली ती स्कॉटलंडची मेगन बॉइड. तिचा जन्म १९१५ चा. ती बांधायची सामन माशासाठीच्या मोठ्या, रंगीबेरंगी माश्या. आपल्यासारख्या साध्या नव्हेत. पोरवयात एका जाणत्याने तिला जुन्या माश्या दिल्या: उलगड, आणि त्याच पिसांनी लहान गळावर पुन्हा बांध. हे वाचलं तेव्हा आमची मावशी त्या रुसलेल्या पोराकडे बघून हसली. मेगनने समुद्राकाठच्या झोपडीत, कित्येक वर्षं विजेशिवाय, खिडकीच्या उजेडात बांधलं. स्वतः कधी मासे धरले नाहीत. १९७१ मध्ये तिला सरकारी पदक जाहीर झालं, तर कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून ती घ्यायला गेली नाही! शेवटी डोळे गेले आणि काम सुटलं.

डोळे, बोटं, पाठ. हे सगळं माशीच्या किमतीत धरलं जातं का? हा प्रश्न आपल्या वर्ध्याला नवा नाही. १९३५ मध्ये गांधीजी इथे मगनवाडीत राहत होते. तेव्हा सूत कातणाऱ्या बायांना मजुरी फार तुटपुंजी मिळायची. त्यांनी धरून ठेवलं की कातणारीला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळायला हवेत, कारण मजुरी पोट भरेल इतकी पाहिजे. खादी महागेल, कोणी घेणार नाही, असं चरखा संघातल्या अनेकांना वाटत होतं. तरी जगण्यापुरत्या मजुरीचं तत्त्व त्याच वर्षी मान्य झालं. आठ आणे लगेच हाती पडले नाहीत, दर पायरीपायरीने वाढले. आणि विनोबांनी जवळच्याच नालवाडीत तासन्‌तास कातून, त्या मजुरीवर स्वतः जगून पाहिलं. दर ठरवायचा तर आधी चातीपुढे बसून. सहाशे चाळीस तारांची एक गुंडी भरायला किती वेळ लागतो, हे आपल्या आज्यांना विचारा.

आम्हीही तेच केलं. मासेमारीचं सामान विकणारा एक व्यापारी म्हणाला, गळ-धागा माझा, नगामागे चार रुपये देतो, लागतील तितक्या घेतो. गटात आनंद झाला. मग घड्याळ मधोमध ठेवलं. हात बसलेल्या बाईच्या तासाला सात माश्या होतात, पण पिसं धुणं, वाळवणं, निवडणं धरलं तर पाचच. म्हणजे तासाला वीस रुपये, आठ तासांचे एकशे साठ. निंदणाच्या रोजीपेक्षा कमी, आणि डोळ्यांना ताण वेगळा. दोघी म्हणाल्या, घरबसल्या आहे, घेऊन टाकू. बाकीच्या गप्प होत्या. शेवटी सहा नमुने आणि वेळेचा हिशोब लिहिलेला कागद त्याच्याकडे पाठवला, नगाला आठ रुपये मागितले. दोन आठवडे झाले, उत्तर नाही.

दरम्यान सातवी माशी आमच्या ढिवर ताईने संध्याकाळी धामेत टाकून पाहिली. ट्राउट आपल्याकडे कुठला! पण वरच्या पाण्यात किडे टिपणारी बारकी मासळी तिसऱ्याच फेकीला लागली. बोटभर होती. तिने सोडून दिली आणि माशी पदराला पुसून परत आणली. पीस थोडं झिजलंय, धागा शाबूत आहे.